नैरोबीचा नकाशा करणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत, नैरोबीत, कुठेही बसून पूर्व आफ्रिकेच्या नकाशांवर काम करणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी हे पत्र आहे. तुमच्यापैकी कोणी सॅटेलाइटच्या चित्रावरून छपरं आखतं, कोणी लोकसंख्येचे चौकोन भरतं, कोणी रस्त्यांच्या जाळ्यावर वेग चढवून ‘शहर किती मिनिटांवर’ हा लेयर, म्हणजे नकाशावर चढवायचा माहितीचा थर, तयार करतं. क्लायंट युरोपातला, आकडे केनियाचे आणि काम आपल्या हातून होतं. मी नगररचनाकार आहे. नैरोबीच्या वाहतुकीवर काही वर्षं काम केलं आहे आणि अशा फाइली रोज उघडून वापरल्या आहेत. त्या कामाची कदर आहे म्हणूनच एक मागणी करते: नकाशातला हा प्रवासाचा वेळ नक्की कोणाचा, हे ठरवल्याशिवाय आणि फाइलीवर तसं लिहिल्याशिवाय नकाशा पुढे पाठवू नका.

जगभर जो नमुना चालतो, तिथून सुरुवात करू. ऑक्सफर्डच्या मलेरिया ॲटलस प्रकल्पाच्या गटाने २०१८ मध्ये २०१५ सालचा एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. पृथ्वीचे साधारण एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोन ओलांडायला किती वेळ लागेल ते ठरवलं आणि तिथून जवळच्या शहरापर्यंतचा सर्वांत कमी वेळ काढला. शहर म्हणजे ५० हजार किंवा त्याहून जास्त वस्तीचं दाट ठिकाण. निष्कर्ष असा निघाला की जगातली ८०.७ टक्के माणसं शहरापासून तासाभराच्या आत राहतात. श्रीमंत देशांत हे प्रमाण ९०.७ टक्के, गरीब देशांत ५०.९ टक्के. काम प्रचंड आहे आणि मोलाचं आहे. तुर्काना किंवा मार्साबितसारख्या उत्तर केनियातल्या विस्तीर्ण, विरळ वस्तीच्या काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्ह्यासारखा विभाग) दवाखाना कुठे काढावा, रस्ता कुठे आधी करावा, हे सांगायला असा नकाशा फार उपयोगी पडतो.

आता तोच नकाशा नैरोबीतल्या झोपडपट्ट्यांवर मोठा करून बघा. किबेरा: शून्य मिनिटं. मथारे: शून्य. मुकुरू: शून्य. शहरातच आहेत, तेव्हा शहरापर्यंतचा वेळ शून्य. गणित चुकलेलं नाही. पण किबेरातल्या बाईला ‘शहरा’त जायचं नसतं. तिला वेस्टलँड्समध्ये जिथे धुणीभांडी करते त्या घरी जायचं असतं, केन्याटा हॉस्पिटलात जायचं असतं, गिकोंबाच्या बाजारातून जुन्या कपड्यांचा गठ्ठा आणायचा असतो. या प्रवासांची नोंद त्या शून्यात नाही. जागतिक बँकेच्या २०१७ च्या आफ्रिकी शहरांवरच्या अहवालात नैरोबीचं वेगळंच चित्र आहे: मटाटूने, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसने, जाणाऱ्या माणसाला अर्ध्या तासात शहरातल्या फक्त ४ टक्के नोकऱ्यांपर्यंत पोहोचता येतं, तासाभरात २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे शहराच्या आत राहूनही पाचातल्या चार नोकऱ्या तासाभराच्या पलीकडे.

आणि हे मटाटूने. नैरोबीत दहातल्या निदान चार फेऱ्या पायी होतात. कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास लुंगा लुंगा रोडला उभं राहा. मुकुरू क्वा न्जेंगा, मुकुरू क्वा रुबेन आणि व्हिवांडानी या वस्त्यांतून माणसांची रांग इंडस्ट्रियल एरियाकडे चालत असते, अंधार पुरता गेलेला नसतो तेव्हापासून. फुटपाथ असेल तिथे फुटपाथवरून, नसेल तिथे ट्रक आणि गटार यांच्या मधल्या पट्टीवरून. पावसाळ्यात पायात गमबूट आणि पिशवीत कामावरचे बूट. यांतले कितीतरी रोजंदारीवर आहेत. तिकडे त्या कामाला किबारुआ म्हणतात. कारखान्याच्या गेटवर सकाळी माणसं निवडतात. तुम्ही वेळेवर गेटवर असलात तर त्या दिवसाचं काम, नाहीतर परत घरी. अशा माणसाच्या आयुष्यात वीस मिनिटांचा फरक म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी. आणि आपल्या लेयरमध्ये त्याच्या चौकोनावर गाडीचा वेग टाकलेला असतो, कारण चौकोनातून रस्ता जातो!

हे मुद्दाम ठळक सांगते. अशा नकाशांच्या पद्धतीत चौकोनात रस्ता असला की सर्वांत जलद साधनाचा वेग धरतात. ज्याच्याकडे मोटार आहे किंवा निदान भाडं आहे त्याच्यासाठी ते ठीक. मटाटूचं भाडं ठरलेलं नसतं. गर्दीच्या वेळी वाढतं, पाऊस आला की दुप्पटसुद्धा होतं. स्टेजवर, म्हणजे मटाटूच्या थांब्यावर, कंडक्टर नवा आकडा ओरडतो आणि रांगेतली काही माणसं मुकाट्याने बाजूला होऊन चालायला लागतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जो माणूस मटाटूत बसतो, तोच शेवटच्या आठवड्यात त्याच रस्त्याने पायी जातो. त्याच्या घराचा चौकोन तोच, रस्ता तोच, वेळ मात्र दुप्पट-तिप्पट. भाडं न धरता काढलेला वेळ हा पैसेवाल्याचा वेळ आहे. त्याला ‘लोकसंख्येचा सरासरी वेळ’ म्हणणं खोटं आहे.

हे सगळं मोजता येत नाही असं कृपा करून म्हणू नका. नैरोबीनेच ते करून दाखवलं आहे. मटाटूंचं कुठलंही अधिकृत वेळापत्रक किंवा नकाशा नव्हता, तेव्हा नैरोबी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एमआयटी आणि कोलंबियाच्या संशोधकांबरोबर हातात फोन घेऊन मटाटूंतून प्रवास केला, १३० पेक्षा जास्त मार्ग नोंदवले, थांबे नोंदवले आणि २०१४ मध्ये ती माहिती सर्वांसाठी खुली केली. पुढच्या वर्षी ती गूगलच्या नकाशातही आली. ‘डिजिटल मटाटूज’ नावाने हे काम ओळखलं जातं. त्यातही उणीव आहेच: मटाटू भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून थांब्यावरची वाट पाहण्याची वेळ कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. पण पाया तयार आहे. आणि पायी वेळाचं म्हणाल, तर मलेरिया ॲटलसच्याच गटाने २०२० मध्ये दवाखान्यांपर्यंत गाडीने आणि फक्त पायी, असे दोन वेगळे नकाशे दिले. म्हणजे ज्यांनी पद्धत घडवली त्यांनीच दुसरा लेयर काढून दाखवला. आपण अजून एकाच लेयरवर का अडलो आहोत?

वेळाइतकाच लोकसंख्येचा आकडाही तपासून घ्यायला हवा. पोहोचीचा नकाशा म्हणजे वेळ आणि माणसं यांचा मेळ, आणि माणसांचा आकडा कच्चा असेल तर वेळ कितीही काटेकोर काढला तरी उत्तर कच्चंच.

किबेराचंच घ्या. वर्षानुवर्षं जगभर लिहिलं गेलं की ही आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, वस्ती दहा लाख. २००९ च्या जनगणनेचा आकडा २०१० मध्ये आला: १,७०,०७०. एवढा मोठा फरक पडला, तरी दहा लाखांचा आकडा आजही अहवालांत फिरतो. तो कुणी घरोघर जाऊन काढलेला नव्हता. एकाने लिहिला, दुसऱ्याने उचलला. दुसरीकडे, सरकारी गणती कमी पडली असं मानणारेही वस्तीत आहेत, आणि त्यांचंही ऐकून घेतलं पाहिजे, कारण दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा, एकाच दारातून आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना भाडेकरू, त्यातले निम्मे रात्रपाळीला गेलेले, अशा ठिकाणी गणती करणं सोपं नसतं. केनियाची जनगणना त्या रात्री माणूस जिथे झोपला तिथे त्याला मोजते. २०१९ ची रात्र होती २४ ऑगस्टची.

वरून बघणाऱ्या सॅटेलाइटला तर यातलं काहीच कळत नाही. त्याला पत्र्याचं एक लांब छप्पर दिसतं. त्याखाली एक गोदाम आहे की दहा खोल्या आणि दहा चुली, हे छपरावरून सांगता येत नाही. नैरोबीच्या एम्बाकासीतल्या पाइपलाइन भागात तर वेगळीच अडचण आहे: सात-सात, आठ-आठ मजल्यांच्या चाळीवजा इमारती, प्रत्येक मजल्यावर एकेका खोलीची बिऱ्हाडं, एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यावर दुपारीही दिवा लागतो. तुमच्या फाइलीत तिथे इमारतीचा एक ठसा, म्हणजे वरून दिसणारा आकार, असतो. करेन या श्रीमंत वस्तीतल्या एका बंगल्याचाही ठसा तेवढाच, कदाचित मोठाच. ठशांच्या क्षेत्रफळावर वॉर्डाची लोकसंख्या वाटून टाकली की श्रीमंत वस्तीत माणसं वाढतात आणि पाइपलाइनमध्ये कमी होतात. २०१९ च्या गणतीत मथारे उपकाउंटीची घनता चौरस किलोमीटरला सुमारे ६९ हजार निघाली. सबंध नैरोबीची सरासरी होती ६ हजारांच्या थोडी वर. ही दहापटीहून मोठी दरी तुमच्या चौकोनांत दिसते का, हे आधी तपासा. दिसत नसेल तर तो लेयर वापरून दवाखान्यांची गरज काढू नका.

शहराच्या हद्दीचाही घोळ आहे. २०१९ मध्ये नैरोबी काउंटीची लोकसंख्या ४३,९७,०७३ होती. पण रुइरू, किकुयू, ओंगाटा रोंगाई, कितेंगेला ही गावं काउंटीच्या रेषेपलीकडे, आणि तिथली माणसं रोज नैरोबीतच कामाला येतात. थिका रोडवरच्या एकट्या रुइरूची वस्ती ४,९०,१२० होती, म्हणजे एल्डोरेट आणि किसुमू या दोन्हींपेक्षा जास्त. किसुमू शहर आहे, एल्डोरेटला २०२४ मध्ये शहराचा दर्जा मिळाला, रुइरूला तो दर्जा नाही. दर्जा कायद्याने मिळतो, आणि त्यासाठी लागणारी लोकसंख्येची अटही २०१९ च्या दुरुस्तीने पाच लाखांवरून अडीच लाखांवर आली. देशाचा शहरी टक्काही असाच: २००९ मध्ये सुमारे ३२, २०१९ मध्ये सुमारे ३१. दहा वर्षांत केनियाची शहरं ओस पडली नाहीत, उलट फुगली. मोजायच्या हद्दी बदलल्या, एवढंच.

आणि पश्चिमेला विहिगा काउंटी. चौरस किलोमीटरला हजाराच्या वर माणसं, पण सगळी चहा-मक्याच्या छोट्या छोट्या वावरांत पसरलेली, घराभोवती केळी, मागे गाय. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेल्या पद्धतीत चौरस किलोमीटरला ३०० माणसं आणि एकूण ५ हजार वस्ती भरली की तो पट्टा शहरी गटात जातो. विहिगाची शेतं त्या हिशोबाने शहरात जमा होतात. त्यावरून कुणी निष्कर्ष काढला की इथल्या लोकांना शहराच्या सोयी जवळ आहेत, तर तो विहिगाच्या शेतकऱ्यावर अन्याय होईल.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अभ्यासकांचं भांडण आहे. तसं नाही, यावर पैसे वाटले जातात. केनियात २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंटी झाल्या, आणि राष्ट्रीय महसुलातला त्यांचा वाटा सूत्राने ठरतो. पहिल्या सूत्रात ४५ टक्के भार एकट्या लोकसंख्येवर होता. २०२० मध्ये सिनेटने नवं सूत्र मंजूर केलं ते कित्येक बैठका फिसकटल्यानंतर, सप्टेंबरमध्ये. तोवर काउंटींचे पैसे लटकले. त्या सूत्रात लोकसंख्येचा भार १८ टक्के, ग्रामीण भागातल्या रस्त्यांच्या पोहोचीचा ८ टक्के, शहरी कुटुंबांचा ५ टक्के. पोहोच म्हणून आपण जे आकडे काढतो, त्या जातीच्या आकड्यांना त्या सूत्रात केनियाच्या तिजोरीत असा थेट वाटा होता. एखाद्या चौकोनातला रस्ता पक्का धरला की कच्चा, यावरून एखाद्या काउंटीतल्या प्रसूतिगृहात डॉक्टर येणार की नाही हे ठरू शकत होतं.

पैसा असतो तिथे आकडा फुगवण्याचा मोहही असतो. २००९ च्या गणतीत उत्तरेकडच्या आठ जिल्ह्यांचे आकडे, तुर्काना, मंडेरा आणि वजीर-गारिसा भागातले, अवाच्या सवा वाढलेले दिसले म्हणून नियोजनमंत्री वायक्लिफ ओपारान्या यांनी २०१० मध्ये ते रद्द केले. प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. त्या भागावर काम करताना कोणता आकडा घेतला हे तुम्ही लिहिलं नाहीत, तर तुमच्या नकळत तुम्ही एका भांडणात बाजू घेतलेली असते.

त्याच भागातला दादाब मला फार अस्वस्थ करतो. १९९१ पासूनची निर्वासितांची छावणी, दोन लाखांच्या वर माणसं, घनदाट वस्ती. सॅटेलाइटच्या हिशोबात ते शहर ठरतं, आणि आसपासच्या चौकोनांना लगेच ‘शहर जवळ’ असा रंग चढतो. तिथे राहणाऱ्या सोमाली कुटुंबाला छावणीबाहेर जायला परवाना लागत आला आहे. ज्याला निघायचीच मुभा नाही त्याच्या प्रवासाची मिनिटं आपण मोजतो आणि निळ्याऐवजी पिवळा रंग भरतो. अशा ठिकाणी रंग भरूच नये. रिकामा चौकोन ठेवावा आणि का ठेवला ते बाजूला लिहावं.

मग करायचं काय? याचं एक उत्तर मुंबईतूनच नैरोबीला गेलं आहे, आणि आपल्याकडे ते फार थोड्यांना माहीत आहे. १९८५ साली स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची, त्याच कुटुंबांना बरोबर घेऊन, गणती केली. सरकारदरबारी ही माणसं नव्हतीच. गणती झाल्यावर ती आहेत हे नाकारता येईना. जॉकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांनी ही पद्धत पुढे नेली आणि ती नैरोबीच्या ‘मुंगानो वा वानाव्हिजिजी’ या वस्तीवाल्यांच्या संघटनेपर्यंत पोहोचली. २००४ मध्ये केनियाच्या रेल्वेने किबेरा आणि मुकुरूतल्या रुळांलगतच्या लोकांना जागा खाली करण्याच्या नोटिसा दिल्या. तेव्हा रेल्वेचे अधिकारी मुंबईत आले, इथे लोकलच्या रुळांलगतच्या कुटुंबांचं पुनर्वसन कसं झालं ते त्यांनी पाहिलं. त्यानंतर तिकडे हकालपट्टीऐवजी आधी घरोघरची मोजणी झाली आणि पुढे पुनर्वसनाची घरं उभी राहिली.

मुकुरूत हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये नैरोबी काउंटीने मुकुरू हे विशेष नियोजन क्षेत्र जाहीर केलं. लाखभर कुटुंबांची वस्ती. पाणी कुठून येतं, किती जण एक संडास वापरतात, रुग्णवाहिका कुठल्या गल्लीत शिरू शकते, याची माहिती वस्तीतल्याच लोकांनी गोळा केली. त्या माहितीवर रस्त्यांची आखणी झाली आणि काही रस्ते, पाण्याची कामं प्रत्यक्ष झालीही. सगळं सुखाचं नव्हतं: २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मुकुरू क्वा न्जेंगात जोडरस्त्यासाठी हजारो घरांवर बुलडोझर फिरला. पण तेव्हाही कोण कुठे राहत होतं हे सांगणारी नोंद वस्तीच्या हातात होती. बाहेरच्या कुठल्याही चौकोनी अंदाजापेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते.

तेव्हा माझं म्हणणं ऐका. नैरोबीचा पुढचा लेयर करताना प्रवासाचे तीन वेगवेगळे वेळ काढा: पायी, मटाटूने, मोटारीने; आणि मटाटूच्या वेळेपुढे भाडं लिहा. ‘शहर’ हे ठिकाण न धरता केन्याटा, पुमवानीसारखी हॉस्पिटलं, इंडस्ट्रियल एरिया, गिकोंबा अशी खरीखुरी ठिकाणं धरा. लोकसंख्या कुठल्या सालच्या गणतीवरून घेतली, ती चौकोनांत कशी वाटली आणि बहुमजली चाळींचं काय केलं, हे फाइलीबरोबरच्या पानावर स्पष्ट लिहा. क्लायंटने मागितलं नसलं तरी लिहा. त्याला जास्तीचा खर्च येत नाही. किबेरा, मथारे, मुकुरूची वस्तीने केलेली मोजणी मिळते का ते विचारा, मिळाली तर तुमचे आकडे तिच्याशी ताडून बघा, आणि जिथे जुळत नाहीत तिथे तुमचा आकडा बरोबर असं गृहीत धरू नका.

आपली स्वतःची २०२१ ची जनगणना लांबली. जुन्या आकड्यांवर रेशनचा कोटा ठरला की कोण गळतं, हे महाराष्ट्रात आपण डोळ्यांनी बघतो आहोत. केनियाची पुढची गणती २०२९ मध्ये यायची आहे. तोवर तिकडच्या काउंटी, मंत्रालयं आणि देणगीदार तुमच्याच लेयरवर निर्णय घेत राहतील. तीन वेगवेगळे वेळ आणि एक नीट लिहिलेलं पान, एवढं पुढच्या फाइलीपासून सुरू करा. आणि तयार झालेला नकाशा क्लायंटला पाठवाल त्याच दिवशी त्याची एक प्रत मुकुरूतल्या संघटनेलाही पाठवा. चूक कुठे आहे ते त्यांना तुमच्याआधी दिसेल.

आपली,
नैरोबीच्या वाहतुकीवर काम केलेली एक नगररचनाकार